पाहुण्यांच्या यादीत कोणाची नावे? ब्रिटनमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, जमाखर्च मंजूर झाल्यावर आणि चहा येण्याआधी, एक ठराव आला. मंडळाच्या वर्धापनदिनाला राजघराण्यातील एखाद्या सदस्याला निमंत्रण द्यावे, असा तो ठराव होता. शिक्षणासाठी आलेल्या आणि आता इथेच नोकरी करणाऱ्या एका तरुण सभासदाने उठून विचारले, की ज्या मुकुटाच्या नावाने आपल्या देशावर १८५८ पासून १९४७ पर्यंत राज्य झाले, त्याच्या वारसाला आपण हार का घालायचा? मागच्या रांगेतून त्याला ‘खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस’ असे सुनावण्यात आले. त्यावर त्याच्या शेजारच्याने ‘गुलामी अजून अंगातून गेलेली नाही’ असे उत्तर दिले. आवाज चढले, दोन कुटुंबे चहा न घेताच निघून गेली आणि अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. इतर शहरांतील मैत्रिणींशी बोलल्यावर कळले, की असाच वाद त्यांच्याही मंडळांत थोड्याफार फरकाने झाला आहे. म्हणून हे पत्र एका मंडळापुरते न ठेवता आपणा सर्वांना लिहीत आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. निमंत्रण द्यायचे की नाही, हे सभासदांनी मतदानाने ठरवावे आणि जो निर्णय होईल तो सर्वांनी मानावा. मात्र निमंत्रण द्यायचे ठरले, तर पाहुण्यांसमोर कोण उभे राहणार हे ठरवण्याचा आपला अधिकार आपण सोडू नये. आणि ज्यांना उभे राहायचे नाही त्यांच्यावर मंडळात मान खाली घालून वावरण्याची वेळ येऊ देऊ नये. हे मी एका अनुभवावरून लिहिते आहे.

मी राहते त्या शहरात दर गुरुवारी एका सभागृहात फूड बँक, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारे केंद्र, चालते. तिथल्या डाळी-कडधान्यांच्या टेबलावर मी अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून उभी राहते. काही वर्षांपूर्वी तिथे राजघराण्यातील एक सदस्या भेटीला येणार असल्याचे कळले आणि आठवडाभर आमची धांदल उडाली. छतातून पाणी झिरपून भिंतीवर पडलेला डाग पांढऱ्या रंगाने झाकला गेला. कपाटातल्या सगळ्या डब्यांची लेबले एका रेषेत पुढे आली. दीड वर्ष बंद पडलेल्या आणि दुरुस्तीचे पैसे न मिळालेल्या फ्रीजरवर निळे कापड टाकून त्यावर फुलदाणी ठेवण्यात आली. भेट नेमकी गुरुवारी सकाळी अकरा वाजता होती, त्यामुळे त्या दिवसाचे वाटप रद्द करून दारावर ‘शुक्रवारी यावे’ अशी पाटी लावली गेली. एरवी ज्यांची रांग असते त्यांच्या जागी त्या दिवशी आम्ही स्वयंसेवक, काही देणगीदार, कौन्सिलचे प्रतिनिधी आणि जवळच्या शाळेतील मुले उभी होतो.

पाटीबद्दल माहीत नसलेली एक बाई लहान मुलाला घेऊन नेहमीच्या वेळी आली. तिला रस्त्याच्या पलीकडे अडथळ्यामागे थांबवण्यात आले. तिच्या हातात दोन रिकाम्या पिशव्या होत्या, आणि मुलाच्या हातात कोणीतरी कागदी झेंडा दिला होता. मी ते खिडकीतून पाहत होते.

आलेल्या पाहुण्याबाईंबद्दल मला वाईट बोलायचे नाही. आमच्यातील एका ऐंशी वर्षांच्या निवृत्त नर्सच्या खुर्चीजवळ गुडघे टेकून त्या बराच वेळ बोलल्या, तिच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली, आणि त्या क्षणाचे छायाचित्र ती आजी आजही पलंगाशेजारी ठेवते. तिच्या डोळ्यांतील आनंद मी पाहिला आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी विचारले, कोणती डाळ जास्त जाते? मी म्हणाले, मसूर. त्यांनी मान हलवली, हसल्या आणि पुढे गेल्या. रस्त्यापलीकडे थांबलेल्या बाईबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कापडाखालच्या फ्रीजरबद्दलही नाही. मला कोणी गप्प बसवले नव्हते. मी आपणहून गप्प बसले, आणि ती गोष्ट मला अजून बोचते.

त्या दिवसानंतर मी या भेटींची व्यवस्था कशी चालते ते समजून घेतले. आपल्यापैकी अनेकांना ती माहीत नसावी, असे सभेतल्या चर्चेवरून वाटले. ब्रिटनमधील राजाला आज शासनाचा अधिकार नाही. कायदा संसद करते आणि धोरण मंत्रिमंडळ ठरवते. राजाकडे उरले आहे ते राष्ट्रप्रमुखाचे औपचारिक काम आणि लोकांत जाणे. त्यामुळे भेटी हा आजच्या राजेशाहीचा गाभाच आहे. परदेशातील भेटी सरकारच्या विनंतीवरून होतात आणि त्यांमागे सरकारचे धोरण असते. २०२३ मध्ये केनियात राजे चार्ल्स यांनी वसाहतकाळातील हिंसाचाराचा कठोर शब्दांत निषेध केला, पण अधिकृत माफी मागितली नाही, कारण तशी माफी सरकारच्या सल्ल्याशिवाय मागता येत नाही. मे २०२५ मध्ये ते कॅनडाच्या संसदेचे अधिवेशन सुरू करायला गेले, तेही कॅनडाला अमेरिकेत विलीन करण्याची भाषा वॉशिंग्टनमधून चालू असताना, कॅनडाच्या पंतप्रधानांच्या निमंत्रणावरून. देशातील भेटींचे नियोजन त्या त्या परगण्यातील राजाचे प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, यांच्या कार्यालयामार्फत होते. निमंत्रण त्यांच्याकडे जाते, कार्यक्रमाची रूपरेषा त्यांच्याशी ठरते आणि पाहुण्यांना कोण भेटणार त्यांची यादी यजमान संस्थेने द्यायची असते. ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या फूड बँकेत ती यादी राजवाड्याने केलेली नव्हती. ती आमच्यातल्याच लोकांनी केली होती.

पैशाचा मुद्दाही सभेत अर्धवट माहितीवर निघाला, म्हणून थोडक्यात लिहिते. राजघराण्याच्या अधिकृत कामाचा खर्च २०११ च्या कायद्याने आलेल्या सॉव्हरिन ग्रँटमधून होतो आणि ती रक्कम क्राउन इस्टेटच्या, म्हणजे मुकुटाच्या नावे असलेल्या पण नफा सरकारी तिजोरीत जाणाऱ्या मालमत्तेच्या, नफ्याच्या प्रमाणात ठरते. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ६३ लाख पौंड होती. समुद्रातील पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे इस्टेटचा नफा वाढला आणि २०२५-२६ साठी ती १३ कोटी २१ लाख पौंड झाली. त्यातला मोठा भाग बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीचा आहे. सुरक्षेचा खर्च या आकड्यात धरलेला नसतो. ‘ते त्यांच्या पैशाने येतात’ आणि ‘सगळे आपल्या करातून जाते’ ही सभेत ऐकलेली दोन्ही वाक्ये म्हणूनच अपुरी आहेत.

आता निष्ठेचा प्रश्न, कारण त्या तरुणावर खरा आरोप तोच होता. मी २०११ मध्ये नागरिकत्व घेतले. टाउन हॉलमधल्या एका खोलीत राणीचे चित्र होते, लॉर्ड लेफ्टनंटांचे प्रतिनिधी गणवेशात आले होते, आम्ही वीसेक जण वेगवेगळ्या देशांचे होतो, आणि मी माझ्या आईची इरकल नेसले होते. ‘राणी एलिझाबेथ द्वितीय, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी कायद्यानुसार एकनिष्ठ राहीन’ असे आम्ही एका सुरात म्हटले. मराठी माणसाला वारसांसकट निष्ठेची शपथ घेताना घशात काहीतरी अडकते, हे मी नाकारणार नाही. पण त्या वाक्यात ‘कायद्यानुसार’ हा शब्द आहे, आणि लगेच दुसरी प्रतिज्ञा येते, जिच्यात या देशाचे हक्क, स्वातंत्र्ये आणि लोकशाही मूल्ये जपण्याचे वचन असते. राजेशाही नको असे शांतपणे म्हणण्याचा अधिकार त्याच हक्कांत येतो. हा अधिकार इथेही आपोआप टिकत नाही, याची आठवण ६ मे २०२३ रोजी राज्याभिषेकाच्या दिवशी झाली. रिपब्लिक या राजेशाहीविरोधी संघटनेचे प्रमुख आणि त्यांचे सहकारी निदर्शनाचे फलक गाडीतून उतरवत असतानाच पकडले गेले आणि त्यांना कित्येक तास कोठडीत ठेवले गेले. नंतर लंडन पोलिसांना त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. जे पोलिसांनी केले म्हणून पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, तेच आपण आपल्या सभेत टोमण्यांनी करावे, हे मला पटत नाही.

शिवाय त्या तरुणाचे मत या देशात परके राहिलेले नाही. ‘ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स’ या जुन्या पाहणीत १९८३ साली राजेशाही देशासाठी महत्त्वाची आहे असे १०० पैकी ८६ लोक म्हणत होते. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या जरा वर राहिले होते, आणि तरुणांत तर ते आणखी कमी आहे. तरीही निवडून आलेला राष्ट्रप्रमुख हवा म्हणणारे अजून बहुसंख्य झालेले नाहीत. बऱ्याच लोकांना राजेशाहीविषयी ना प्रेम आहे ना राग; ती आहे तशी असू द्यावी, एवढेच त्यांना वाटते. आमच्या फूड बँकेतल्या सहकाऱ्यांतही मला हेच दिसते. भेटीच्या दिवशी एकाने मुद्दाम रजा घेतली होती, दुसरी नवा ड्रेस शिवून आली होती, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बटाट्यांची पोती उतरवली. त्यांच्यात कोणी कोणाला देशद्रोही किंवा गुलाम म्हटले नाही.

आपल्याला तर या प्रश्नावर स्वतःचा जुना आणि मोलाचा वारसा आहे. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जोतीराव फुले यांना निमंत्रण होते. जरीचे पोशाख आणि दागदागिने यांनी नटलेल्या त्या मंडळीत जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. त्यांनी ड्यूकला सांगितले, की इथे बसलेले हे श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा पाहायची असेल तर आसपासच्या खेड्यांत जाऊन पाहावी, आणि राणीसाहेबांना कळवावे की या गोरगरीब प्रजेला शिक्षणाची गरज आहे. जोतीराव काही राणीच्या राज्याचे शत्रू नव्हते. शूद्रातिशूद्रांसाठी शाळेचे दार त्या काळात किलकिले झाले, याची जाण त्यांना होती. त्यांनी निमंत्रण नाकारले नाही, यजमानाचा अपमान केला नाही आणि पाहुण्याशी सभ्यपणा सोडला नाही. जे लोक त्या दालनात येऊच शकत नव्हते, त्यांना ते आपल्या अंगावरच्या कपड्यांतून आत घेऊन गेले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. मसूर डाळीच्या टेबलामागे उभी राहून मी गप्प बसले, तेव्हा जोतीराव मला आठवायला हवे होते.

राजघराण्याच्या भेटीवरून आपापसांत फाटले म्हणजे काय होते, हेही आपल्याच मुंबईने पाहिले आहे. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, परळला परदेशी कापडाची होळी झाली. दुसरीकडे स्वागताला गेलेल्यांत पारशी, ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबे होती. परतणाऱ्या या लोकांवर जमावाने हल्ले केले, त्याची उलट प्रतिक्रिया उमटली, दंगल काही दिवस चालली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजी तेव्हा मुंबईतच होते. आपल्याच बाजूच्या लोकांनी स्वागत करणाऱ्यांना मारले याचे त्यांना इतके दुःख झाले, की अशा स्वराज्याची आपल्याला दुर्गंधी येते अशा अर्थाचे त्यांनी लिहिले, आणि शांतता होईपर्यंत उपोषण केले. आमच्या सभेत कोणी हात उचलला नाही, हे खरे. पण ‘गुलाम’ हा शब्द ज्यांना उद्देशून उच्चारला गेला, त्या काकांनी इथल्या कारखान्यात तीस वर्षे रात्रपाळी केली आहे आणि मंडळाची पहिली गणेशमूर्ती स्वतःच्या गाडीतून आणली आहे. त्यांना निमंत्रण द्यावेसे वाटते, कारण ज्या देशात आल्यावर त्यांना घर भाड्याने मिळत नव्हते, त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाच्या घरातील कोणी आपल्या गणपतीसमोर उभे राहावे, ही त्यांची इच्छा आहे. त्या इच्छेत मला लाचारी दिसत नाही.

स्वागत आणि स्वाभिमान एकाच दिवशी कसे नांदतात, त्याचे उदाहरण मला नेहमी आठवते. २६ जानेवारी १९६१ रोजी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला राणी एलिझाबेथ प्रमुख पाहुण्या होत्या. त्याच दिवशी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर, पूर्वी जिथे पंचम जॉर्जचा पुतळा होता तिथे, शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले.

आणि मुंबईचे डबेवाले. नोव्हेंबर २००३ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटपाशी भेटले, तेव्हा भेटीची वेळ डब्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरली, कारण डबा उशिरा पोचणे त्यांना मान्य नव्हते. पाहुणा युवराज होता, पण त्याच्यासाठी कोणाचे जेवण अडले नाही. २००५ मध्ये त्यांच्या दोन प्रतिनिधींना चार्ल्स आणि कॅमिला यांच्या विवाहाचे निमंत्रण आले, आणि २०२३ च्या राज्याभिषेकाला डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि वारकऱ्यांचे उपरणे भेट म्हणून पाठवले. या नात्यात कुठेही कमीपणा नाही, कारण त्याची सुरुवात त्यांच्या कामाचा मान राखून झाली होती. आमच्या फूड बँकेत मात्र भेटीसाठी आम्ही कामच बंद ठेवले.

म्हणून माझी मंडळांना विनंती आहे, की निमंत्रणाचा ठराव गुप्त मतदानाने घ्यावा आणि त्याआधी दोन्ही बाजूंना बोलायला सारखा वेळ द्यावा. भेट ठरली तर मंडळाचा त्यावरचा खर्च सभासदांना स्वतंत्रपणे दाखवावा. लहान मुलांना झेंडे घेऊन तासन् तास थंडीत उभे करू नये. ज्यांना निषेधाचा फलक घेऊन बाहेर उभे राहायचे असेल, त्यांना कार्यक्रमानंतरच्या जेवणाला आत बोलवावे. ते आपलेच सभासद आहेत. आणि पाहुण्यांना भेटणाऱ्यांची यादी करताना मोठे देणगीदार, माजी अध्यक्ष आणि त्यांची कुटुंबे यांच्यापुरती ती राहू नये. केअर होममध्ये रात्रभर जागणाऱ्या आपल्या मुली, शिकता शिकता पहाटे कार्यालयांची सफाई करणारे विद्यार्थी, व्हिसाच्या दर वर्षामागे माणशी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरूनही दवाखान्याची पायरी चढायला बिचकणारी जोडपी, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर एकही मराठी शब्द कानी न पडणारे आईवडील, ही आपली प्रजा आहे. राजघराण्यातील पाहुण्याला यातले काही बदलता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांच्यासोबत खासदार असतील, कौन्सिलचे नेते असतील, वार्ताहर आणि कॅमेरे असतील. ज्यांना बदलता येते ते सगळे एका खोलीत, ऐकण्याच्या तयारीने, वर्षातून एकदाही आपल्याकडे येत नाहीत.

इतिहासाबद्दल पाहुण्यांशी बोलू नये, असाही एक सल्ला सभेत दिला गेला. मला तो अनावश्यक वाटतो. १९९७ मध्ये स्वतः राणी एलिझाबेथ यांनी दिल्लीतील भाषणात जालियनवाला बागेचा उल्लेख केला आणि दुसऱ्या दिवशी अमृतसरला जाऊन पुष्पचक्र वाहिले. माफी न मागितल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती करण्याचा भारतीयांना पूर्ण अधिकार होता. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात जोतीरावांच्या १८८८ च्या त्या प्रसंगाचे एक चित्र लावावे आणि पाहुण्यांना ते थांबून समजावून सांगावे, असे मला वाटते. पाहुण्याला आपला खरा परिचय करून देण्यात आतिथ्याला बाधा येत नाही.

आमच्या मंडळाची पुढची सभा लवकरच आहे आणि तिथे मी ही सूचना लेखी देणार आहे. भेट मंजूर झाली तर यादीतले पहिले नाव म्हणून मी आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, केअर होममध्ये काम करणाऱ्या एका मुलीचे नाव सुचवले आहे. तिची रात्रपाळी सकाळी आठला संपते आणि त्यानंतर ती दुपारपर्यंत झोपते. म्हणून कार्यक्रम सकाळी अकराऐवजी दुपारी तीनला ठेवावा, असेही त्या सूचनेत जोडले आहे.

आपली नम्र,
मिडलँड्समधील एक मराठी सभासद